बिनखिडकीची खोली

११ मार्च

आजपासून लिहायचं. रोज जमणार नाही, मी मला ओळखून आहे. पण जमेल तेव्हा लिहीन आणि खरं तेच लिहीन.

निमित्त असं झालं. सकाळी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पाण्याच्या बाटल्या भरून झाल्या आणि मी पुन्हा पहिलीपासून भरायला लागले. पिंजरेकाका दारात उभे राहून बघत होते. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, मेलेलं उचलणं हे त्यांचं काम. खरं नाव कुणालाच आठवत नाही. ते म्हणाले, "मॅडम, उंदरांना पोहायला शिकवायचंय का?" मी हसले. मग जिन्यात जाऊन बसले आणि मला रडू आलं.

आई माझ्या वयाची असताना हळूहळू थांबली. दुसरा शब्द मला सापडत नाही. आधी ती गोष्टी विसरायला लागली. मग भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसायला लागली. काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा निघून गेलेला असायचा. मग तिला घरात नसलेली माणसं दिसायला लागली. एके दिवशी तिला घेऊन गेले. ज्या इमारतीत नेलं तिथून ती परत आली नाही. "वेड लागलं" एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

माझी लेक आता बाराची आहे. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा उगवतो. म्हणजे मला काही झालं तर घरात बघायला तीच. आईचं ते माझ्यात उतरलं आहे की नाही, हे मला वेळेवर कळायला हवं. जनुकांवर काम करणाऱ्या बाईला हा प्रश्न पडायला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. स्वतःच्या डोक्यावर संशय असेल तर नोंद ठेवावी आणि मागाहून थंड डोक्यानं वाचावी. म्हणून ही वही.

१४ मार्च

लेकीनं विचारलं, "तू तिथे नक्की करतेस काय?" शाळेत सांगायचं आहे म्हणे.

म्हटलं, "गळ्यात एक छोटी ग्रंथी असते, थायरॉइड. शरीराची शेगडी समज. किती ऊब, किती वेग, किती झोप, सगळं तीच ठरवते. काही उंदरांच्या शरीरातले पहारेकरी बिथरतात आणि ह्या शेगडीलाच चोर समजून झोडपायला लागतात."

"का बिथरतात?"

"थोडं आईबापांकडून येतं, थोडं पाण्यातून. आम्ही त्यांच्या पाण्यात आयोडीनचं मीठ घालतो. ज्यांच्या रक्तात ती खोड नाही त्यांना काही होत नाही. ज्यांच्यात आहे त्यांची ग्रंथी काही आठवड्यांत पोखरून निघते. ती खोड नेमक्या कुठल्या जनुकांत बसली आहे ते शोधायचं. म्हणून खोड असलेल्यांची लग्नं खोड नसलेल्यांशी लावायची आणि नातवंडांत कुणाला काय आलं ते बघायचं."

"मग ते आजारी दिसतात?"

"नाही ना, तीच तर गंमत! बाहेरून टुणटुणीत. ग्रंथी कापून काचेवर ठेवली की मगच कळतं."

"शी," लेक म्हणाली. शाळेत आई डॉक्टर आहे असंच सांगणार म्हणाली.

काचेवर उंदराची ओळख लिहिलेली नसते, फक्त एक सांकेतिक आकडा. तो कुणाच्या पोटचा, दिसायला कसा होता, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर डोळे मनाला हवं तेच बघतात. ही सवय मी अंगी बाणवली आहे. प्राण्याकडे बघायचं नाही, काचेकडे बघायचं. ह्या एका गुणासाठी प्रमुख मला मानतात.

केस फार गळताहेत. औषधाच्या दुकानातल्या मुलीनं समुद्री शेवाळाच्या गोळ्या दिल्या. "एकदम नैसर्गिक," म्हणाली. थकव्यालाही चांगल्या म्हणे. आजपासून सुरू.

२२ मार्च

उंदरांची खोली गार पडते आहे. मी दोनदा तक्रार केली.

ही खोली वहीत कधी मांडली नाही, मांडते. उंदीर रात्री जागतात आणि आमची नोकरी दिवसाची, म्हणून तिथली दिवसरात्र उलटी करून ठेवली आहे. बाहेर लख्ख दुपार असते तेव्हा आत अंधार आणि एक मंद लाल दिवा. उंदरांना लाल उजेड दिसत नाही, त्यांना वाटतं रात्रच आहे. खिडकी नाही. पूर्वी होती, विटा लावून बुजवली असं पिंजरेकाका सांगतात. त्या जागी गिलावा थोडा वेगळा लागतो हाताला.

वारा तिथूनच येतो. मी आज हात धरून पाहिला.

वातानुकूलनवाला येऊन गेला. यंत्र दाखवून म्हणाला, "बावीस अंश, बाई. कालही बावीस, परवाही बावीस." तोंडावर खोटं सांगतात लोक. मी स्वेटरवर स्वेटर घालून उभी होते आणि तो मला बावीस शिकवत होता.

काका म्हणाले, "मॅडम, घसा बसलाय तुमचा. गरम पाणी प्या." गरम पाण्यानं काय होणार? खोली गरम करा म्हणावं.

३१ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

लाल खोलीत कागद न्यायला बंदी आहे आणि हातात मोजे असतात. म्हणून आम्ही बोलून नोंद करतो. प्लास्टिकच्या पिशवीत छोटं ध्वनिमुद्रण यंत्र, ते गळ्यात. पिंजरा अमुक, मादी, वजन इतकं, पाणी इतकं प्यायली. मागाहून टेबलाशी बसून ऐकायचं आणि संगणकात चढवायचं. मी ते नेहमी दुप्पट वेगानं ऐकते, वेळ वाचतो.

आज वेगाचं बटण चुकून साध्यावर राहिलं. कानात एका बाईचा आवाज आला. जाड, घोगरा, जीभ तोंडात मावत नसल्यासारखा. "पिंजरा... एकोणतीस. मादी." मग बराच वेळ नुसता श्वास. "वजन..."

माझा आवाज मला ठाऊक आहे. लहानपणी घरात मला टिटवी म्हणायचे, कारण मी बोलले की शेजारच्या घरातली झोपलेली मुलं उठायची. गेली अकरा वर्षं मी माझीच बडबड ऐकत आले आहे. हा आवाज माझा नाही.

पण पिंजरा एकोणतीस मीच तपासला होता. वजनही बरोबर होतं.

९ एप्रिल

यंत्र बिघडलं असणार असं ठरवून नवीन मागवलं. शास्त्र म्हणजे हेच, आधी साधं कारण तपासायचं. नव्या यंत्रात पहिल्याच दिवशी तीच बाई.

जानेवारीतली जुनी मुद्रणं काढून ऐकली. तिथे मी आहे, टिटवी. फेब्रुवारीत मी आहे, पण जरा लांबून बोलल्यासारखी. मार्चमध्ये मी नाही.

मी बोलते हे मला आठवतं. माझे ओठ हलतात, मास्कखाली वाफ लागते. मग यंत्रात ती कशी उतरते? मधे कुठे ती उभी असते? हे लिहिताना माझेच केस उभे राहिले, म्हणजे जे राहिलेत ते.

थकवा भयंकर आहे. शेवाळाच्या गोळ्या दोनाऐवजी चार केल्या.

१२ एप्रिल

एकटीनं सहन होईना म्हणून परवा पिंजरेकाकांना ऐकवलं. त्यांनी कानात घातलं, थोडं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"कोण आहे ही बाई?" मी विचारलं.

"तुम्हीच विचारताय?" ते म्हणाले. यंत्र टेबलावर हळूच ठेवलं आणि बाहेर गेले. तेव्हापासून ते मी खोलीत असताना आत येत नाहीत. दारातून भुशाची पोती सरकवतात. म्हणजे त्यांनाही जाणवलं आहे की त्या खोलीत कुणीतरी आहे. इतका बोलका माणूस, पण आता माझ्याशी बोलताना नजर जमिनीवर ठेवतो. बिचारा फार घाबरला आहे.

१९ एप्रिल

लिफ्टच्या स्टीलच्या दारात आई उभी होती.

दार उघडेपर्यंत दिसत होती. सुजलेला चेहरा, जड पापण्या, भुवया अर्ध्यावर संपलेल्या. माझ्याकडेच बघत होती. दार उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. शाल तेवढी माझ्यासारखी होती.

मला भीती वाटली आणि लाज वाटते लिहायला, पण बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी तोंड तरी दिसलं.

२० एप्रिल

यंत्रातल्या बाईनं आज वेगळंच काही सांगितलं.

पिंजरा चौतीस, मादी, पिल्लं सहा. मग लांबलचक शांतता, पिंजऱ्यातली कुरतड ऐकू येत होती. मग अगदी स्पष्ट: "धाकटे, खिडकी लाव गं."

मी कानातलं फेकूनच दिलं.

धाकटे अशी हाक मला फक्त आई मारायची. ताई थोरली, मी धाकटी. आणि खिडकी लाव हे तिचं शेवटचं बोलणं. त्या इमारतीत भेटायला गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तेवढंच म्हणाली. परिचारिका हसून म्हणाली, "ह्या खोलीला खिडकीच नाही हो. दिवसभर हेच चालू असतं ह्यांचं."

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. हे यंत्राला कसं कळलं?

२४ एप्रिल

वाऱ्यावर उपाय केला. गिलाव्याच्या त्या जागेसमोर घरून छोटा हीटर आणून लावला, आणि वातानुकूलन यंत्राचा काटा जिन्यातल्या पेटीतून वर चढवला. उंदरांच्या काळजीनंच केलं. मला इतकं गारठायला होतं, तर त्या मुठीएवढ्या जिवांचं काय होत असेल?

खोली आता कुठे बरी वाटते. पण उंदीर बदललेत. एरवी एकमेकांच्या अंगावर चढून, कापूस कुरतडून घरटं करून झोपतात. आज एकाही पिंजऱ्यात घरटं नाही. कापूस तसाच पडून. सगळे वेगवेगळे, पाय पसरून, पोट जमिनीला टेकवून पडलेले. मेले की काय म्हणून मी पिंजरा हलवला. सगळ्यांनी एकदम डोकी वर केली आणि पुन्हा टेकवली. त्या लाल उजेडात सगळ्या खोलीनं मला एकदा पाहून घेतलं. ते त्या भिंतीतलं ऐकत असावेत.

काका निरोप सांगायला दाराशी आले. घामानं निथळत होते. माणूस भीतीनं इतका घामाघूम होतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

२६ एप्रिल

प्रमुखांनी बोलावलं. टेबलावर तापमानाची नोंद पसरलेली.

"खोली बत्तीस अंशांवर कुणी नेली?"

"मी. ती गार पडत होती, सर."

"ती कधीच गार नव्हती." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले. "अख्खी पिढी वाया गेली. इतकी उष्णता दिल्यावर कुठला बदल जनुकांचा आणि कुठला उकाड्याचा, कसं सांगणार? पुन्हा पहिल्यापासून लग्नं लावा. तुम्हाला हे मी सांगायचं?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते तोंडापर्यंत येईतो ते दुसरं काहीतरी बोलायला लागले होते. रजा घ्या म्हणाले. कधीपर्यंत ते बोलले नाहीत. निघताना त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं. आजवर कधी धरलं नव्हतं.

दोन वर्षांचं काम मी दोन दिवसांत मातीत घातलं. खूप वाईट वाटायला हवं होतं. मी घरी येऊन झोपले.

३० एप्रिल

लेक माझ्यापासून लांब बसते. ताट घेऊन पलीकडच्या खुर्चीवर.

"काय झालं?"

"तुला चार हाका मारल्या. तू माझ्याकडे बघत होतीस, पण ओ दिली नाहीस."

मला एकही हाक ऐकू आली नव्हती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आई, आजी कशी होती गं?" मी तिला आजीबद्दल कधीच काही सांगितलेलं नाही. हे तिला कुणी सुचवलं?

वही मागून वाचली. थंड डोक्यानं वाचायची असं ठरलं होतं. डोकं थंड आहे, बाकी सगळंच थंड आहे. वाचून दोनच गोष्टी संभवतात. एक, आई त्या खोलीत आली आहे. दोन, मी आईच्या वाटेनं निघाले आहे. पहिली गोष्ट मी मानत नाही. मग उरली दुसरी. ते लेकीच्या डोळ्यांसमोर होऊ द्यायचं नाही, त्यासाठीच तर ही वही सुरू केली.

ताईला फोन करायला हवा.

२ मे

ताईचा आणि माझा अबोला आहे. तिनं सासरी सांगितलं होतं की आई तापानं गेली. मी तिच्या घरच्या समारंभात, भर पंगतीत, खरं काय ते सांगितलं. अजूनही मला ते खोटं बोलण्यापेक्षा बरं वाटतं, पण ताईला वाटत नाही. त्याला वर्षं लोटली.

आज लेकीसाठी मान खाली घातली. भर दुपारी फोन लावला. ताईनं उचलला. "हॅलो?"

मी म्हणाले, "थोरले, मी बोलतेय." थोरले का म्हणाले कोण जाणे, मी तिला ताई म्हणते.

पलीकडून मग ताईचा आवाज, लहान मुलीचा यावा तसा: "आई?"

आणि फोन खाली पडल्याचा आवाज.

म्हणजे ती फोनमध्येही आहे. माझ्या तोंडून निघून ताईच्या कानापर्यंत जाताना मधे ती उभी असते. मी फोन बंद करून कपाटात ठेवला. लेकीनं कपाट का लावलंस विचारलं. वारा येतो म्हटलं.

४ मे

ताई आली. न कळवता, पहिल्या गाडीनं. दार लेकीनं उघडलं.

ताई उंबरठ्यावरच उभी राहिली. पिशवी हातातच. किती म्हातारी झाली, केस पांढरे. माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"भांडायला आलीस?" मी विचारलं.

"नाही गं टिटवे," ती म्हणाली. मग आत आली, माझ्या समोर बसली आणि काही न विचारता माझ्या गळ्यावर हात ठेवला. तिचा हात गरम होता. आठवत नाही एवढ्या काळात मला कुठलीच गोष्ट गरम लागली नव्हती. मी तो हात सोडेना.

ती लेकीशी स्वयंपाकघरात कुजबुजत होती. "कधीपासून अशी?" एवढं ऐकू आलं. "उद्याच नेते हिला," हेही. कुठे ते बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. आईलाही असंच, घरच्यांनीच नेलं होतं.

५ मे, सकाळी

गाडी खाली आली आहे. मी दोन स्वेटर, कंगवा आणि ही वही घेतली. लेकीच्या केसांवरून हात फिरवला. ती म्हणाली, "संध्याकाळी येशील ना?" मी हो म्हणाले. आईही हो म्हणाली होती.

मी भांडणार नाही. आईही भांडली नव्हती. खरं तर फार थकवा आहे, भांडायलाही लागतो तो जोर नाही. तिथल्या खोलीला खिडकी नसेल तर बरं.

५ मे, संध्याकाळी

घरी आहे. लिहायलाच हवं.

ती इमारत ती नव्हती. साधा दवाखाना, बाहेर खोकणारी माणसं, भिंतीवर बाळाचं चित्र. डॉक्टर तरुण, घाईत. माझा हात पाहिला, भुवया पाहिल्या, गुडघ्याच्या खाली छोट्या हातोडीनं टकटक केली. पाय उडाला आणि सावकाश, अगदी आळसटासारखा, परत आला. डॉक्टर त्या पायाकडे बघत राहिला.

"घरात कुणाला थायरॉइडचा त्रास?"

"नाही," मी म्हणाले.

"मला आहे," ताई म्हणाली. "कितीतरी वर्षं गोळी घेते."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. "मला सांगितलं नाहीस!"

"तू बोलत होतीस का माझ्याशी? आणि सांगितलं असतं तर उंदरासारखं मोजलं असतंस मला."

डॉक्टरनं विचारलं, काही औषधं चालू आहेत का. मी शेवाळाच्या गोळ्यांची बाटली काढून दिली. त्यानं फिरवून वाचली. "ह्यात आयोडीन किती आहे माहीत आहे? कुणी घ्यायला सांगितलं? बाई, तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं. उंदीर, पाण्यातलं मीठ, पोखरलेल्या ग्रंथी, सगळं. जीभ जड होती, वेळ लागला. त्यानं मधे तोडलं नाही. हसलाही नाही. मी बोलायची थांबले तेव्हा खोलीत इतकी शांतता होती की मला मीच बोललेलं ऐकू आलं. तो जाड, घोगरा आवाज. मास्क नव्हता, यंत्र नव्हतं, मधे कुणीही उभं नव्हतं.

ती मीच होते.

परतताना गाडीत ताई म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." आणि माझा हात घट्ट धरून रडायला लागली.

८ मे

रक्ताचा निकाल आला. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर तुटून पडलं आहे हे सांगणारा आकडा इतका मोठा की प्रयोगशाळेनं दोनदा तपासला. माझ्या उंदरांत इतका आकडा क्वचितच आला असेल. काचेवर ही ग्रंथी आली असती तर मी क्षणात ओळखली असती. ती ग्रंथी स्वतःच्या गळ्यात घेऊन फिरत होते आणि लिफ्टच्या दारात उभ्या बाईला ओळखलं नाही.

खोड आईकडून आलेली. मीठ माझं मीच घातलं, चार गोळ्या रोज.

आता ताईसारखीच थायरॉइडची पिटुकली गोळी, सकाळी उपाशीपोटी. एवढीशी. ती जिभेवर ठेवताना जे मनात आलं ते इथे लिहिता येत नाही. उद्या बघू.

२१ मे

लिहिते.

मी डॉक्टरांना आईबद्दल विचारलं. सगळं सांगितलं: शाल, सूज, उशिरा येणारं उत्तर, नसलेली माणसं, भिंत. ते म्हणाले, "न पाहिलेल्या माणसाबद्दल मी ठाम सांगू शकत नाही." मग म्हणाले, "पण अशी माणसं चुकीच्या इमारतीत नेली गेलेली आहेत."

आई वेडी नव्हती. तिला थंडी वाजत होती.

एवढंच म्हणत होती ती. शेवटपर्यंत, जो येईल त्याला, सगळ्यांना तेवढंच सांगत होती. आणि कुणी तिच्या अंगावर दुसरी शाल घातली असेल की नाही, मला माहीत नाही. मी दुपारभर रडले. लेक शेजारी येऊन बसली. लांबच्या खुर्चीवर नाही.

११ जुलै

लेकीचं रक्त तपासून घेतलं. आज तरी काही नाही. दर वर्षी बघायचं आहे. मी रोज तिचा चेहरा बघते. ती चिडते. "आई, मी काच नाहीये," म्हणते.

प्रमुखांनी परत बोलावलं आहे. पिंजरेकाकांनी दारातच माझ्याशी दोन वाक्यं बोलून पाहिली, खात्री पटली आणि मग आत आले. "आला का घसा ठिकाणावर!" म्हणाले. नवी लग्नं लागली आहेत. खोली बावीस अंशांवर आहे. मला ती बावीसचीच वाटते.

आवाज परत आला. परवा लेक म्हणाली, हळू बोल, शेजारी ऐकतील. मी खूश झाले, आणि मग मला चुटपूट लागली. आईचा आवाज जगात कुठेच राहिलेला नाही, एकही मुद्रण नाही. होतं ते माझ्या गळ्यात होतं आणि मी ते गोळीनं घालवलं.

१९ जुलै

ती जुनी मुद्रणं पुसून यंत्र परत करायचं आहे. त्याआधी एकदा ताईला ऐकवावं म्हणून तिच्या घरी घेऊन गेले. दुपार होती, उकाडा मरणाचा. ताईनं खिडकी सताड उघडी टाकली होती, खालून रहदारीचा आवाज येत होता.

आम्ही यंत्र मधे ठेवून बसलो. पिंजरा एकोणतीस. मादी. ताईनं डोळे मिटून घेतले. "अगदी तीच गं," म्हणाली. "श्वाससुद्धा."

"मीच आहे ती," मी म्हणाले. "सुजलेली जीभ आणि सुजलेला घसा, दुसरं काही नाही."

"कळतंय मला. गप्प बस."

मग पिंजरा चौतीस आला. पिल्लं सहा. ती लांबलचक शांतता. मला माहीत होतं पुढे काय आहे, तरी हात गार पडले. कारण बाकीची प्रत्येक नोंद मी बोलले हे मला आठवतं. ही एक मी बोललेली आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, त्या अवस्थेत असं होतं. होत असेल.

"धाकटे, खिडकी लाव गं."

यंत्र पुढे चालत राहिलं, वजनं, पाणी.  मग ताईनं पदरानं डोळे टिपले. "मला नाही सांगितलं आईनं कधी," ती म्हणाली. "नेहमी तुलाच सांगायची."

आणि ती उठली, आणि खिडकी लावून आली.